रांजणातले खडे मोजत: खेळांची पुस्तकं वाचायला लागणाऱ्यांसाठी

क्रिकेटमधलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. बडोद्यात, त्यातून दांडिया बाजारातल्या मराठी घरात जन्मून असं म्हणायला धीर लागतो. आमच्या वाड्यात विजय हजाऱ्यांना खेळताना पाहिलेले तीन म्हातारे होते आणि हजारे बॅट नेमकी कशी धरायचे यावर तिघांचं मरेपर्यंत एकमत झालं नाही. माझ्या हातात बॅट आली ती गाद्या धोपटायला.

पण खेळांवरची पुस्तकं मी वीस वर्षं वाचते आहे. त्यामुळे भाचरं, भिशीतल्या मैत्रिणी, कधी बँकेत भेटलेले निवृत्त काका विचारतात, "ताई, मलाही वाचायचंय, पण खेळातलं कळत नाही. कुठून सुरू करू?" दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

आधी काय घेऊ नका

दुकानात शिरलात की समोरच हसऱ्या खेळाडूचा फोटो असलेलं जाडजूड आत्मचरित्र दिसेल. ते खाली ठेवा. निवृत्तीच्या सुमारास आलेलं पुस्तक पुष्कळदा निरोप समारंभासारखं असतं. सगळ्यांचे आभार, कुणाला दुखवायचं नाही, प्रत्येक दौऱ्याला दोन-दोन पानं. ज्याला ते सामने पाठ आहेत त्याला त्यात मजा येते. नवख्याला ती लग्नातल्या आहेराची यादी वाटते.

डावपेचांवरची पुस्तकंही आत्ता नकोत. आणि ज्याला जाणकार 'खेळावरचं सर्वांत थोर पुस्तक' म्हणतात तेही नको. त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्स यांचं १९६३ सालचं 'बियाँड अ बाउंड्री' मी उत्साहानं पहिल्यांदा घेतलं आणि साठ-सत्तर पानांत बंद केलं. पुस्तकाचा दोष नव्हता. कुठल्या वर्णाच्या माणसानं कुठल्या क्लबकडून खेळायचं, हा त्यातला पेच मला परका वाटला. बऱ्याच वर्षांनी पुन्हा उघडलं तेव्हा तो अजिबात परका नव्हता, कारण मधल्या काळात मी पाळवणकर बंधूंबद्दल वाचलं होतं. त्याबद्दल पुढे.

पहिली पायरी: एक धावफलक गोष्टीसारखा वाचा

पुस्तकाच्याही आधी हे करा. अर्धा तास लागतो आणि आपल्याच गावातला धावफलक आहे.

मार्च १९४७. रणजी करंडकाची अंतिम लढत, बडोद्यात, बडोदे विरुद्ध होळकर. म्हणजे एका मराठी संस्थानाचा संघ दुसऱ्याच्या समोर. इंदूरहून आलेल्या होळकर संघाचे कर्णधार सी. के. नायडू. होळकरांचा पहिला डाव २०२ धावांत संपला. बडोद्याचे ३ गडी ९१ धावांत गेले. इथे थांबा आणि स्वतःला विचारा, आता पारडं कुणाचं जड? फार तर बरोबरीत. मग चौथ्या गड्यासाठी विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याच्या एकूण धावा ७८४. होळकर दुसऱ्या डावात १७३. बडोदे एक डाव आणि ४०९ धावांनी विजयी.

आता कागद-पेन्सिल घ्या. २०२ आणि १७३ मिळवा, ७८४ मधून वजा करा. ४०९ येतात. 'एक डाव आणि ४०९ धावांनी' म्हणजे काय ते आता कुणी समजावून द्यायला नको. बडोद्याला दुसऱ्यांदा खेळावंच लागलं नाही. आणखी एक बेरीज: ९१ आणि ५७७ म्हणजे ६६८. म्हणजे पुढचे सगळे मिळून ११६. एवढ्या मोठ्या डावातही दोघांनीच काम केलं, बाकीचे येऊन गेले.

धावफलक इथपर्यंत सांगतो. पुढचं तो सांगत नाही आणि नेमकं तिथे पुस्तकाचं काम सुरू होतं. तारीख पुन्हा बघा. मार्च १९४७. पाच महिन्यांत फाळणी झाली. गुल महंमद मूळचे लाहोरचे. ते भारताकडून आठ कसोटी खेळले आणि नंतर, १९५६ मध्ये, एक कसोटी पाकिस्तानकडून. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली सर्वांत मोठी भागीदारी म्हणून ही ५७७ जवळजवळ साठ वर्षं टिकली. २००६ साली कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ६२४ केल्या तेव्हा ती मागे पडली. एवढा काळ ज्या दोघांची नावं एका ओळीत छापली जात होती, त्यांच्यामध्ये एक सरहद्द उभी होती.

हे जमलं तर दुसरा धावफलक स्वतः शोधा. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेत, म्हणजे धर्मावरून पडलेल्या पाच संघांच्या स्पर्धेत, हजाऱ्यांच्या संघाचा एक डाव ३८७ धावांचा आहे. त्यात एकट्या हजाऱ्यांच्या ३०९. भाऊ विवेक याच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी, आणि त्यात विवेकच्या २१. मला त्या २१ धावांवर कुणीतरी पुस्तक लिहावं असं वाटतं. समोरून भाऊ तिनशे करतोय आणि आपण तासन् तास नुसतं उभं राहायचं, हे सोपं नसणार.

दुसरी पायरी: एक प्रसंग, दोन पुस्तकं

एका खेळाडूची दहा पुस्तकं वाचण्यापेक्षा एकाच प्रसंगावरची दोन वाचा. यासाठीही बडोद्याचाच धागा देते: अंशुमान गायकवाड.

१९७६ चा वेस्ट इंडीज दौरा. पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत भारतानं चौथ्या डावात ४ बाद ४०६ धावा करून सामना जिंकला. तेव्हा हे अशक्यातलं मानलं जायचं. वेस्ट इंडीजचा संघ त्याआधीच ऑस्ट्रेलियात ५-१ असा मार खाऊन आला होता, लिली आणि थॉमसन यांच्या वेगापुढे. आता घरच्या मैदानावर ही नामुष्की. कर्णधार क्लाइव्ह लॉइडनं फिरकीवरचा भरवसा सोडला आणि किंग्स्टनच्या पुढच्या कसोटीत चार वेगवान गोलंदाज उतरवले. तेव्हा हेल्मेट नव्हतं. अंशुमान ८१ वर खेळत असताना मायकेल होल्डिंगचा चेंडू कानावर बसला आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. भारतानं पहिला डाव ६ बाद ३०६ वर सोडला. दुसरा डाव ९७ वर संपला, कारण पाच जण फलंदाजीला आलेच नाहीत.

सुनील गावस्करांचं 'सनी डेज' त्याच वर्षी आलं. किंग्स्टनवरच्या प्रकरणाला त्यांनी सरळ रानटीपणाचं नाव दिलं आहे. पुस्तक लिहिणारा जेमतेम सत्तावीस वर्षांचा आहे, अजून दहा-अकरा वर्षं खेळायचा आहे आणि राग ताजा आहे. म्हणून मला ते त्यांच्या नंतरच्या सगळ्या समालोचनापेक्षा जास्त आवडतं. ते प्रकरण वाचून झालं की होल्डिंगचं 'व्हिस्परिंग डेथ' घ्या आणि तोच दौरा शोधा. कोण काय सांगतं यापेक्षा कोण कशाला किती ओळी देतं ते बघा. एकाच भांडणाबद्दल सासू आणि सून वेगवेगळं सांगतात तेव्हा आपण जसं ऐकतो, तसं वाचायचं.

आणि तिसरा माणूस, ज्याच्या कानावर चेंडू बसला, तो दोन्हीकडे फक्त पात्र आहे. त्याचं उत्तर मला धावफलकात सापडलं. १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध अंशुमाननी २०१ धावा केल्या, ६७१ मिनिटं खेळपट्टीवर उभं राहून. तोवरचं ते सर्वांत संथ द्विशतक होतं. लोकांनी कंटाळवाणा म्हणून हिणवलेला हा डाव किंग्स्टननंतर वाचला की वेगळाच दिसतो.

तिसरी पायरी: खेळ थांबतो ती पानं

सामन्याच्या वर्णनात हरवलात तर ती पानं बेलाशक उलटा. चहाची सुट्टी, ड्रेसिंग रूम, आगगाडीचा डबा, निवड समितीची बैठक, यांवर सावकाश वाचा.

उदाहरणच द्यायचं तर पाळवणकर बाळू. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणारा, चांभार समाजातला मुलगा. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता देशातला अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं ११४ बळी घेतले. हिंदूंच्या संघाला त्याच्या हातचा चेंडू हवा होता, पण सुरुवातीच्या काळात चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या भांड्यात. कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. ते धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळालं. रामचंद्र गुहा यांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या २००२ सालच्या पुस्तकात या भावांची गोष्ट विस्तारानं आहे. नवख्यानं क्रिकेटवरचं एकच इंग्रजी पुस्तक वाचायचं असेल तर मी हेच हातात देते. त्यातली सामन्यांची माहिती तुम्ही विसराल, तो चहा विसरणार नाही.

याच बाळूनं १९३७ मध्ये मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणूक लढवली आणि तो हरला. बडोद्याच्या वाचकाला इथे थांबावंच लागतं, कारण १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत आलेल्या आंबेडकरांना या शहरात राहायला जागा मिळाली नव्हती आणि आपल्या कामाठीबागेतल्या झाडाखाली ते बसले होते. मैदान आणि बाग यांत फारसं अंतर नसतं.

विठ्ठल पाळवणकरांनी स्वतः मराठीत 'माझे क्रीडा-जीवन' लिहिलं, १९४८ मध्ये. गुहांनी त्याचा आधार घेतला आहे. कुठल्या जुन्या ग्रंथालयात दिसलं तर तिथेच बसून वाचा.

फुटबॉल: तीन गोष्टी पुरतात

आपल्याकडे फुटबॉलची हवा कमी. माझा आतेभाऊ कोल्हापूरचा. तिथे पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम असा सामना असला की शाहू स्टेडियमकडे जाणारे रस्ते भरून वाहतात. तो बडोद्यात आला की आपल्याला 'सेव-उसळ खाऊन झोपणारी माणसं' म्हणतो. असो.

पुस्तक वाचण्यापुरत्या तीन गोष्टी. एक, ऑफसाइड. चेंडू पुढे दिला जातो त्या क्षणी, प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात, तो घेणारा गडी चेंडूच्या आणि प्रतिस्पर्ध्यांपैकी शेवटून दुसऱ्या गड्याच्या पुढे असता कामा नये. वाढपी पोचायच्या आधी पुढच्या पंगतीत पान धरून बसल्यासारखं ते आहे. दोन, युरोपातला हंगाम साधारण ऑगस्टला सुरू होऊन मेमध्ये संपतो, म्हणून पुस्तकात '१९८८-८९' अशी जोडवर्षं येतात. तीन, लीगच्या तळाशी राहिलेले संघ खालच्या वर्गात जातात आणि खालच्या वर्गातले वर येतात. नापास होण्याची ही भीती लक्षात ठेवली तर दहाव्या आणि अठराव्या क्रमांकाच्या संघांचा सामना बघायला माणसं पावसात का उभी राहतात ते उमगेल.

सुरुवातीचं पुस्तक: निक हॉर्नबी यांचं 'फीव्हर पिच', १९९२. यात लेखक खेळाडू नाही, नुसता बघ्या आहे. आर्सेनल या संघाचा चाहता. प्रत्येक तुकड्यावर एका सामन्याचं नाव आणि तारीख आहे, आणि त्याखाली आईवडिलांचा घटस्फोट, शाळा, नोकरी, उदासपण. बारीक तुकडे असल्यामुळे रात्री झोपण्याआधी दोन-तीन वाचून होतात. २६ मे १९८९ हा दिवस येईल तेव्हा मात्र घाई करू नका. आर्सेनलला लीग जिंकायची तर लिव्हरपूलच्या मैदानावर दोन गोलांच्या फरकानं जिंकणं भाग होतं. नव्वद मिनिटं संपत आली तेव्हा एकच गोल होता. दुसरा भरपाईच्या जादा वेळेत झाला. अठरा वर्षांनी लीग मिळाली. तुम्हाला आर्सेनल कुठे आहे हे माहीत नसलं तरी त्या पानावर तुम्ही उठून उभे राहाल. मी राहिले होते, आणि घरच्यांना वाटलं पाल दिसली.

भारतातलंच हवं असेल तर कोलकात्याचा मोहन बागान संघ आणि १९११ यावर जे मिळेल ते वाचा. २९ जुलै १९११ ला आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात, बहुतेक सगळे अनवाणी खेळून, त्यांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या सैनिकांच्या संघाला २-१ हरवलं. तेच वर्ष, ज्या उन्हाळ्यात बाळू इंग्लंडमध्ये गोलंदाजी करत होता. अशी वर्षं वहीत शेजारी शेजारी लिहीत जा.

शर्यती: घोडा, गाडी

घोड्यांच्या शर्यती म्हटलं की आपल्याकडे चेहरा वाकडा होतो. रेसला जाणारा म्हणजे घर बुडवणारा. मीही त्याच संस्कारातली. लॉरा हिलेनब्रँड यांचं 'सीबिस्किट' (२००१) वाचलं आणि माझं मत निदान पुस्तकांपुरतं बदललं. १९३० च्या दशकातल्या अमेरिकेतला एक बुटका, आळशी समजला गेलेला घोडा. त्याचा जॉकी रेड पोलार्ड एका डोळ्यानं आंधळा, आणि ते लपवून शर्यती धावणारा. १ नोव्हेंबर १९३८ ला वॉर ॲडमिरल या नामांकित घोड्याशी समोरासमोर शर्यत ठरली तेव्हा पोलार्ड पाय मोडून पडलेला, दुसराच जॉकी बसला आणि जिंकला. मग घोड्याचाही पाय दुखावला. दोघं एकत्रच बरे झाले आणि मार्च १९४० मध्ये सांता अनिताची मोठी शर्यत एकत्र जिंकले. हे सगळं लिहिणारी बाई स्वतः दीर्घ आजारानं घराबाहेर पडू शकत नव्हती. पुस्तकात ती हे मध्ये आणत नाही, ही तिची मोठी गोष्ट.

शब्द दोनच लागतात. फर्लांग म्हणजे सुमारे २०० मीटर. हँडिकॅप म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन आणि कमकुवत घोड्यावर कमी, म्हणजे शर्यत अटीतटीची व्हावी. एखाद्या घरातली कर्ती सून आठवली की ही पद्धत चटकन समजते.

मोटारींच्या शर्यतींत मी फार रमत नाही. इंजिनाचं वर्णन आलं की पानं उलटते. पण निकी लाउडा या शर्यतपटूवरचं पुस्तक वाचा. १ ऑगस्ट १९७६ ला जर्मनीत न्यूरबर्गरिंगच्या शर्यतीत गाडी पेटली, चेहरा भाजला, फुप्फुसात विषारी धूर गेला, अखेरचे धार्मिक विधीही झाले. सहा आठवड्यांनी तो इटलीत मोंझाला गाडीत बसला आणि चौथा आला. बहुतेक जण गोष्ट इथे संपवतात. मला त्याच्या पुढची आवडते. वर्षाची शेवटची शर्यत जपानमध्ये, धो धो पाऊस, विजेतेपद हातातोंडाशी. लाउडानं दोन फेऱ्यांनंतर गाडी बाजूला घेतली. जिवापेक्षा मोठं काही नाही म्हणून तो उतरला. एका गुणानं विजेतेपद जेम्स हंटकडे गेलं. 'परत आला' याइतकंच 'उतरला' हेही धाडस आहे, हे त्या पुस्तकाशिवाय मला सुचलं नसतं.

चौथी पायरी, आणि इथे जरा थांबा: सावरल्याच्या गोष्टी

खेळांच्या पुस्तकांत सर्वांत जास्त खप 'पडलो, पुन्हा उठलो' याला आहे. इथे नवखा वाचक फसतो. मी फसले होते.

आधी दोन जाती वेगळ्या करा. एक, ज्याच्यावर संकट कोसळलं. युवराज सिंग २०११ चा विश्वचषक गाजवतो, मग छातीत कर्करोगाची गाठ निघते, अमेरिकेत उपचार होतात आणि २०१२ च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा भारताकडून उतरतो. 'द टेस्ट ऑफ माय लाइफ' त्याच्यावर आहे. किंवा सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर: १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. यांच्याकडून चूक झालेली नाही. ही पुनरागमनं आहेत.

दुसरी जात चुकलेल्याची. त्यासाठी आपल्याकडे कसोटी तयार आहे: वाल्या कोळी. लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवा. प्रत्येक जिवामागे एक खडा, असे सात रांजण भरले होते. वाल्याचा वाल्मीकी झाला हे आपण पटकन म्हणतो, पण गोष्टीत आधी रांजण येतात आणि 'माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात का?' हा घरच्यांना विचारलेला प्रश्न येतो. म्हणून अशा पुस्तकात मी दोनच गोष्टी शोधते. हा माणूस खडे मोजून दाखवतो का? आणि त्याच्या वागण्याची किंमत कुणी भरली, त्यांची नावं येतात का?

आर्सेनलचा कर्णधार टोनी ॲडम्स याचं 'ॲडिक्टेड' (१९९८) या कसोटीला उतरतं. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल १९९० मध्ये तुरुंगवास झाला, तरीही दारू सुटली नाही. १९९६ मध्ये आपण व्यसनी आहोत हे त्यानं उघड सांगितलं. पुस्तकात खडे आहेत, पुष्कळ आहेत, काही वाचवत नाहीत. नंतर, २००० साली, त्यानं व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी उपचारकेंद्र काढलं.

आता माझी फजिती. २००५ च्या पावसाळ्यात आमच्या दादाला कर्करोग निघाला. कुणीतरी लान्स आर्मस्ट्राँगचं 'इट्स नॉट अबाउट द बाइक' दिलं. सायकलपटू, १९९६ मध्ये कर्करोग, फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत पसरलेला, त्यातून उठून १९९९ मध्ये टूर द फ्रान्स ही जगातली सर्वांत कठीण सायकल शर्यत जिंकलेला. केमोच्या बाटल्या चढत असताना मी शेजारी बसून इंग्रजी वाचायचे आणि तोंडानं मराठी करत सांगायचे. दादा एरवी पुस्तकाला हात न लावणारा. तो विचारायचा, "पुढे?" खेळांची पुस्तकं मी वाचायला लागले ती तिथून.

दादा बरा झाला. २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली आणि २०१३ च्या जानेवारीत त्यानं दूरचित्रवाणीवर उत्तेजकं घेतल्याचं कबूल केलं. मी पुस्तक पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, द्यायला काढलं. दादानं ते गठ्ठ्यातून परत ओढलं. म्हणाला, "सायकल खोटी निघाली. केमो तर खरी होती ना?"

मी गप्प बसले, पण पटलं मात्र अर्धंच. मग डेव्हिड वॉल्श या आयरिश पत्रकाराचं 'सेव्हन डेडली सिन्स' मागवलं. आर्मस्ट्राँगवर त्याला १९९९ पासून संशय होता आणि तो तेरा वर्षं ते लिहीत राहिला. ज्यांनी आधी तोंड उघडलं त्यांना कसं खोटं पाडलं गेलं, हे त्यात आहे. रांजण तिथे होता. पहिल्या पुस्तकावर फक्त झाकण होतं. दोन्ही वाचल्यावर मी पहिलं पुन्हा चाळलं. कर्करोगाची पानं अजूनही अंगावर येतात. डोंगर चढण्याची पानं मात्र मला आता वाचवत नाहीत.

यातून एक सवय लावून घेतली. आत्मचरित्र घेतलं की प्रकाशनाचं वर्ष बघायचं, तेव्हा हा माणूस खेळत होता की निवृत्त, ते बघायचं आणि लिहिणारा दुसरा कुणी आहे का ते शोधायचं. खेळाडूंची पुस्तकं बहुधा पत्रकार लिहून देतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. टेनिसपटू आंद्रे आगासीचं 'ओपन' उत्तम आहे, आणि ते जे. आर. मोहरिंगर या कसलेल्या लेखकानं लिहून दिलेलं आहे, जरी त्याचं नाव मुखपृष्ठावर नसलं तरी.

पुस्तकं कुठे आणि वही कशी

बडोद्यात राहून पुस्तक मिळत नाही म्हणणं जरा लाजिरवाणं आहे. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून १९१० मध्ये सार्वजनिक ग्रंथालय उभं केलं, खेडोपाडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली. मांडवीतल्या त्या सेंट्रल लायब्ररीत ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन जा, सभासद व्हा. काचेच्या जमिनीचे मजले एकदा बघाच. जवळच्या जुम्मा मशिदीच्या आवारात इरफान आणि युसूफ पठाण वाढले, तेव्हा वाटेत क्रिकेटही होईल. कपाट शोधताना 'क्रीडा' एवढंच विचारू नका, 'चरित्र' आणि 'व्यायाम' हेही विचारा. 'व्यायाम ज्ञानकोश' हा दहा खंडांचा मराठी कोश द. चिं. मुजुमदारांनी याच शहरात सिद्ध केला. तो सलग वाचायचा नसतो, मल्लखांबाची नाहीतर लाठीची चित्रं बघत चाळायचा असतो.

जुनी पुस्तकं पस्तीवाल्याकडे वजनावर मिळतात. घेण्याआधी मधली पानं मोजा. एकदा मी मोठ्या हौसेनं घेतलेल्या पुस्तकात अंतिम सामन्याची सोळा पानं बांधलेलीच नव्हती. इंग्रजी जड जात असेल तर दोघींनी मिळून मोठ्यानं वाचा, अडलेला शब्द सोडून पुढे जा. दर पानाला शब्दकोश उघडलात तर दुसऱ्या आठवड्यात पुस्तक कपाटात जाईल.

वहीत पुस्तकाचा सारांश लिहू नका, कुणी परीक्षा घेणार नाही. मी एका पुस्तकाला एक पान देते. वर प्रकाशनाचं वर्ष. डावीकडे तारखा. उजवीकडे, लेखक ज्याबद्दल बोलायचं टाळतोय असं वाटलं ते. उजवी बाजू भरली की दुसरं पुस्तक कुठलं घ्यायचं ते आपोआप कळतं.

माझ्याकडची पुस्तकं मी लोकांना नेऊ देते, परत येतात साधारण निम्मी. आर्मस्ट्राँगचं आणि वॉल्शचं मात्र सुतळीनं एकत्र बांधून ठेवली आहेत. एकच मागितलं तर देत नाही.